जुनी ॲल्युमिनियमची बोट घरी आणून दुरुस्त करायची असेल तर: सुरुवातीपासून शेवटपर्यंत

कबाड्याकडे नाही तर कुठल्या लिलावात जुनी बोट पडलेली दिसली की पहिलं वाक्य ऐकायला भेटते ते हेच, "भाऊ, ॲल्युमिनियम आहे, गंजत नाही, डोळे झाकून घेऊन जा." यातली अर्धी गोष्ट खरी आहे. लोखंडासारखा तांबडा गंज त्याला चढत नाही, कारण हवा लागली की त्याच्या अंगावर ऑक्साइडचा पातळ थर आपोआप येतो आणि तोच थर त्याला सांभाळतो. पण जिथे ओलं लाकूड, ओला फोम, गाळ, कार्पेट असं काही महिनोन् महिने चिकटून राहते तिथे हवाच पोचत नाही, तो थर पुन्हा तयार होत नाही आणि पत्रा आतल्या आत खाल्ला जातो, वरून काहीच दिसत नाही आणि एक दिवस पेचकस टेकवला की आरपार. म्हणून जुन्या बोटीचं काम म्हणजे रंगरंगोटी नाही, ओल कुठे दबून बसली आहे ते शोधायचं काम आहे. रंगाचा डबा सगळ्यात शेवटी, आणि नाही आणला तरी चालते, ते पुढे सांगतोच.

आपल्याकडे पाण्याची कमी नाही. भंडारा-गोंदियातले मालगुजारी तलाव, गोसीखुर्दचं बॅकवॉटर, इटियाडोह, रामटेकची खिंडसी, तिकडे मोर्शीकडे अप्पर वर्धा. ढिवर मंडळींचे लाकडी डोंगे अजूनही चालतात आणि चांगले चालतात, पण लाकूड महाग झालं आणि डोंगा उचलायला माणसं लागतात. १२ फुटी सपाट बुडाची ॲल्युमिनियमची बोट साधारण ७०-८० किलोची असते, दोघं जण धरून पाण्यात ढकलतात. आणि २०२० च्या ऑगस्टअखेर वैनगंगेला पूर आला तेव्हा गावात एक धडधाकट नाव असणं म्हणजे काय ते नदीकाठच्या माणसाला वेगळं सांगायची गरज नाही.

घ्यायच्या आधी

खिशात लोहचुंबक, एक लाकडी मुठीचा पेचकस, टॉर्च आणि गवंड्याची लाईनदोरी घेऊन जायचं. आधी चुंबक लावा. आपल्याकडे पत्र्याच्या कितीतरी बोटी ॲल्युमिनियम रंग मारलेल्या लोखंडी असतात, चुंबक चिकटला तर तिथूनच रामराम. बुडाला, बाजूला, मागच्या फळीला, सगळीकडे लावून पाहा, कारण कधी कधी बोट ॲल्युमिनियमची असते पण कोणीतरी खाली लोखंडी पट्टी ठोकून ठेवलेली असते, आणि त्या पट्टीच्या आजूबाजूचा पत्रा हमखास गेलेला असतो. दोन वेगळे धातू पाण्यात एकमेकाला टेकले की त्यातला कमजोर खाल्ला जातो, आणि लोखंड, तांबं, पितळ या तिघांसमोर ॲल्युमिनियमच कमजोर आहे.

मग लाईनदोरी पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत बुडाच्या मधोमध ताणून धरा. बूड एकसारखं आत किंवा बाहेर गेलेलं असेल तर बोट कधीतरी दगडावर आपटली आहे किंवा चुकीच्या पद्धतीने ठेवली गेली आहे. छोट्या पोच्यांना घाबरायचं कारण नाही, पोचा म्हणजे गळती नव्हे. घाबरायचं ते चिरांना. चिरा पडतात त्या जागा ठरलेल्या आहेत: आतली आडवी पट्टी जिथे बुडाला रिव्हेट केली आहे, म्हणजे धातूची खिळी ठोकून जोडली आहे, तिथे, बसायच्या बाकाचे कोपरे, आणि मागची फळी आणि बाजूचा पत्रा जिथे मिळतात ते दोन्ही कोपरे. ॲल्युमिनियमला हादरे लक्षात राहतात, बारीक हादराही वर्षानुवर्षं बसला तर शेवटी चीर देतो, लोखंडाचं तसं नसते. म्हणून जिच्यावर इंजिन लागलं होतं त्या बोटीचे मागचे कोपरे टॉर्च तिरपा मारून पाहा, सरळ उजेडात बारीक चीर दिसत नाही.

मागच्या फळीला, म्हणजे जिथे इंजिन अडकवतात तिथे, पत्र्याच्या आत प्लायवूड असते. पेचकसाची मूठ त्यावर ठोकत जा. टण टण आवाज आला तर लाकूड जिवंत, भद भद आला तर कुजलेलं. कुजलेलं असलं तरी बोट सोडून देऊ नका, ते बदलता येते, फक्त भावात धरा.

आता भावाचं. कबाडी बोट किलोवर देतो, आणि इथेच माणूस फसतो. बोटीच्या बाकाखाली फोम भरलेला असतो, बोट बुडाली तरी तरंगावी म्हणून. जुना फोम पाणी पिऊन बसतो आणि वर्षभर उन्हात पडली तरी सुकत नाही. धर्मकाट्यावर वजन करा. १.६ मिलिमीटरचा ॲल्युमिनियम पत्रा चौरस मीटरला ४.३ किलो भरतो आणि २ मिलिमीटरचा ५.४ किलो, टेप लावून अंदाज काढता येतो. ८० ची अपेक्षा असलेली बोट १२० दाखवत असेल तर वरचे ४० किलो पाणी, गाळ आणि कुजलेलं लाकूड आहे, आणि ते तुम्ही ॲल्युमिनियमच्या भावाने घेऊन राहिले. कबाड्याला तिथेच बाक उघडून दाखवा, भाव खाली येतो.

कागद सोडू नका. सरकारी खात्याची बोट असेल तर लिलावाची पावती, कबाड्याकडची असेल तर त्याने कोणाकडून घेतली त्याचा कागद, आणि बोटीवर कंपनीची प्लेट किंवा नंबर कोरलेला असेल तर त्याचा फोटो. २०२१ चा इनलँड व्हेसल्स कायदा आल्यापासून इंजिनवाल्या बोटीला नोंदणी आणि तपासणी लागते, आणि वल्ह्याच्या नावेचीही स्थानिक पातळीवर नोंद करायची तरतूद त्यात आहे. शिवाय तलावाचा ठेका मच्छीमार संस्थेकडे असतो, धरण पाटबंधारे खात्याचं, आणि तोतलाडोहसारखं व्याघ्र प्रकल्पातलं पाणी असेल तर तिथे आपली बोट टाकायचा विचारच नको. कुठल्या पाण्यात टाकणार हे बोट घ्यायच्या आधी त्या त्या माणसाला भेटून ठरवा, मागाहून नाही.

बोट घ्यायला उन्हाळा बरा. तलाव आटलेले असतात, बोटी काठावर उघड्या पडलेल्या असतात, बूड पाहायला भेटते आणि विकणाऱ्यालाही घाई असते.

घरी आणणं

१२ फूट म्हणजे साडेतीन मीटरच्या वर. छोट्या हाथीच्या डाल्यात ती बसत नाही, अर्धी बाहेर लोंबते, आणि २०१९ मध्ये मोटार वाहन कायदा बदलला तेव्हापासून बाहेर निघालेल्या लोडचा दंड २० हजार आहे, म्हणजे बोटीपेक्षा दंड महाग पडायचा. दंड बाजूला ठेवला तरी लोंबणारी बोट खड्ड्या-खड्ड्यात मागून आपटत येते आणि नेमकी डाल्याच्या कडेवर बुडाचा पत्रा घासून चिरतो. १४ फुटी आयशर वापस रिकामा जात असेल तर त्याच्याशी बोला, अर्ध्या भाड्यात काम होते. गाव जवळ असेल तर ट्रॅक्टरची ट्रॉली चालते, पण ट्रॉलीचं मागचं फळकं पाडून बोट त्यावर टेकवू नका.

गाडी कोणतीही असो, लोखंडी तळावर बोट थेट ठेवायची नाही. खाली तणसाचा हातभर थर, त्यावर जुने टायर नाही तर दुमडलेली पोती, आणि टायर आतल्या आडव्या पट्ट्यांच्या बरोबर खाली यायला पायजे, दोन पट्ट्यांच्या मधल्या मोकळ्या पत्र्याखाली नाही. बोट सरळ ठेवली तर आत काहीच टाकू नका, ना सायकल ना सिलेंडर ना माणूस. पालथी ठेवली तर हवा कमी पकडते आणि रस्त्यात पाऊस लागला तर पाणी भरत नाही, मला लांबच्या रस्त्याला पालथीच बरी वाटते. दोर कडेवरून जाईल तिथे सायकलची जुनी ट्यूब गुंडाळा. एक दोर पुढून, एक मागून, आणि एक मधून आडवा, पण आडवा दोर दाबून आवळू नका, पत्रा आत दबतो. पुढचे-मागचे दोर तिला पुढेमागे सरकण्यापासून अडवतात, खरं काम त्यांचंच आहे. मागे लाल कापड बांधायचं आणि १० किलोमीटरवर गाडी थांबवून गाठी पाहायच्या, तणस दबलं की दोर ढिले पडतात.

उचलताना मागच्या फळीला धरून उचलू नका, ती कुजलेली असू शकते. दोन्ही बाजूच्या कडांना धरा. आणि हातात मोजे पायजेत, जुन्या ॲल्युमिनियमची चिरलेली कड पात्यावाणी कापते.

ठेवायची कुठे

कोठ्यात नको. हे ठासून सांगून राहिलो कारण गावात मोकळी जागा म्हटली की कोठाच सुचतो. गुरांचं मूत, ओलं शेण, कुजलेलं तणस हे सगळं ॲल्युमिनियमचं शत्रू आहे. युरियाच्या आणि खतांच्या बॅगा जवळ नको, त्याचे खडे ओल धरतात. ओल्या सिमेंटवर, ताज्या चुन्यावर टेकवू नका, दोन्ही पत्रा जाळतात. आणि वरुड-मोर्शी-काटोलकडच्या संत्रावाल्या भावांनी खास लक्ष द्या: मोरचूदचं पाणी बोटीवर पडू देऊ नका. मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण धातूच्या भांड्यात करत नाहीत, प्लास्टिकच्या ड्रमात करतात, हे तुम्हाला माहीतच आहे, कारण तेच इथेही लागू होते. मोरचुदातलं तांबं ॲल्युमिनियमवर बसलं की तिथे खड्डा पडतो, आणि वर चुना, म्हणजे दुहेरी मार. फवारणीचा पंप धुतलेलं पाणी, रिकामी बादली, काहीच बोटीत ठेवायचं नाही.

दोन लाकडी ओंडक्यांवर, जमिनीपासून गुडघाभर उंच, हवा खालून फिरेल अशी ठेवा. वर पत्र्याचं शेड असेल तर उत्तम. ताडपत्री गच्च गुंडाळून ठेवू नका, आत दमट होऊन पत्र्यावर पांढरी भुकटी येते.

सगळं काढून टाकायचं

आता कामाला लागायचं आणि पहिलं काम फक्त काढायचं आहे. फळ्या, कार्पेट, बाकाचं लाकूड, वायर, जुनी पितळी कडी, लोखंडी स्क्रू, सगळं. काढायच्या आधी प्रत्येक बाजूने मोबाईलवर फोटो काढा, कोणता तुकडा कुठे होता ते पुढे आठवत नाही. कुजलेली मागची फळी तुकड्यातुकड्याने निघाली तर तुकडे जमिनीवर जुळवून आकार कागदावर उतरवून घ्या, नवीन त्याच मापाने कापायची आहे.

बाकाखालचा फोम हाताने उपसा. ओला निघाला तर वाळवायच्या भानगडीत पडू नका, टाकून द्या. आणि फोम निघाला की त्याखालचा पत्रा नीट पाहा, कारण खरी हालत तिथेच कळते. पांढरी भुकटी दिसेल, तिच्यावर पाणी मारून प्लास्टिकच्या ब्रशने घासा. भुकटी निघून खाली नुसता करडा डाग राहिला तर काळजी नाही. खाली खड्डे लागले तर प्रत्येक खड्ड्यात पेचकसाचं टोक हलकं दाबून पाहा, दबलं नाही तर इपॉक्सीने, म्हणजे दोन भाग कालवून घट्ट होणाऱ्या डिंकाने, भरून भागते, दबलं किंवा आरपार गेलं तर तिथे ठिगळ लागणार.

धुताना घरातल्या सवयी बाजूला ठेवा. कॉस्टिक सोडा तर अजिबात नाही, तो ॲल्युमिनियम खातो, फसफस बुडबुडे येतात ते पत्रा विरघळून निघालेला हायड्रोजन असतो. धुण्याचा सोडा नको, ब्लीचिंग नको, भांडी घासायची राखही नको. भांड्याचं साधं लिक्विड आणि पाणी, बस. क्षाराचे पांढरे ओघळ निघत नसतील तर लिंबू किंवा व्हिनेगर लावून पाच-दहा मिनिटांत भरपूर पाण्याने धुवा. लोखंडी तारेचा ब्रश आणि लोखंडावर वापरलेली ग्राइंडरची चकती बोटीला लावायची नाही, लोखंडाचे कण पत्र्यात रुततात आणि पावसाळ्यात तिथे तिथे ठिपके उठतात. स्टेनलेसचा नवीन ब्रश घ्या आणि तो फक्त बोटीसाठी ठेवा.

गळती शोधायची रीत

बोट पाण्यात टाकून गळती शोधायला गेलं तर पाणी आत येते आणि आत सगळीकडे पसरते, कुठून आलं ते कळत नाही. उलटं करायचं. बोट सरळ ठेवून आतच पाणी भरायचं आणि बाहेरून कुठे टपकते ते पाहायचं.

पण भरायच्या आधी टेकू पक्के करा. १२ बाय ४ च्या बोटीत १० सेंटिमीटर पाणी म्हणजे साडेतीनशे लिटरच्या आसपास, तेवढेच किलो, आणि बोट त्यासाठी बनलेली नाही, तिला बाहेरून पाण्याचा दाब लागतो. दोन ओंडक्यांवर ठेवून भरली तर मधून वाकते. रेतीची पोती मधल्या कण्याखाली पुढून मागपर्यंत सलग लावा आणि आडव्या पट्ट्यांखाली दोन्ही बाजूंनी. मग हळूहळू भरा, आधी ५ सेंटिमीटर, थांबा, मग १०.

बाहेरचा पत्रा कपड्याने कोरडा पुसा आणि त्यावर पांढरा खडू आडवा घासून ठेवा. पाणी आलं की खडू तिथे काळपट पडतो, अगदी घामासारखं पाझरत असेल तरी दिसते. प्रत्येक ठिकाणी मार्करने गोल करा. पेन्सिल वापरू नका, तिच्यातलं ग्रॅफाइटही ॲल्युमिनियमला लागलं की ओलीत खड्डा पाडते. ताबडतोब टपकणाऱ्यांना एक खूण, अर्ध्या तासाने पाझरणाऱ्यांना दुसरी. रात्रभर ठेवायची असेल तर पाणी ५ सेंटिमीटरवर आणून ठेवा. सकाळी जमिनीवरचे ओले डाग पाहून वरच्या खुणांशी ताळा करा. या कामाला एक अख्खी सकाळ द्या आणि घाई करू नका, पुढचं सगळं काम या खुणांवर चालते.

रिव्हेट

बहुतेक गळती ढिल्या रिव्हेटची असते आणि त्यातल्या बऱ्याच नुसत्या पुन्हा ठोकून बसतात. दोन माणसांचं काम आहे. एक जण बाहेरून रिव्हेटच्या डोक्यावर वजनदार लोखंडी ठोकळा, म्हणजे डॉली, घट्ट दाबून धरतो, मध्ये कापडी टेप लावायची म्हणजे लोखंड थेट लागत नाही. दुसरा आतून बॉलपीन हातोडीने रिव्हेटच्या शेपटीवर ठोकतो. तीन-चार दमदार ठोके द्यायचे. वीस हलके ठोके दिले तर ॲल्युमिनियम कडक होते आणि मग बसायच्या ऐवजी फुटते. बाहेरचा माणूस तयार आहे का ते दरवेळी ओरडून विचारा, "धरलं का भाऊ?" आणि तिकडून "धरलं, हाण" आल्याशिवाय हातोडी उचलायची नाही, डॉली नसताना पडलेला एक ठोका शेजारचे चार रिव्हेट ढिले करतो.

जो रिव्हेट बोटाने हलते किंवा ज्याचं भोक लांबट झालं आहे तो बदलावाच लागतो. डोक्याच्या मधोमध सेंटर पंच मारा, रिव्हेटच्याच मापाच्या बिटने फक्त डोक्याच्या जाडीपुरतं ड्रिल करा, पंचने डोकं उडवा आणि उरलेला दांडा आत ठोकून काढा. आरपार ड्रिल केलं तर भोक मोठं होते. नवीन भरीव रिव्हेटची लांबी काढायचा हिशेब साधा आहे: जेवढे पत्रे जोडायचे त्यांची जाडी अधिक रिव्हेटच्या जाडीच्या दीडपट. १.६ चे दोन पत्रे म्हणजे ३.२, रिव्हेट ५ मिलिमीटरचा तर त्याचे साडेसात, मिळून पावणेअकरा, म्हणजे ११ मिलिमीटरचा घ्या. भोक मोठं झालं असेल तर ६ चा. भोकाच्या कडेची बारीक कुस काढून टाका, भोकात पीयू (पॉलियुरेथेन) सीलंटचा थेंब घाला आणि मग ठोका.

जिथे आतून हात जात नाही तिथे पॉप रिव्हेट लागतो, पण हार्डवेअरच्या दुकानात साधा भेटते तो नाही. तो पोकळ असतो, मधूनच पाणी येते, आणि आत राहिलेली लोखंडी काडी गंजते. तोंड बंद असलेला, क्लोज्ड एंड वाला मागा, नागपुरात भेटतो किंवा ऑनलाइन मागवा.

सीलंट म्हणून सिलिकॉन वापरू नका. व्हिनेगरसारखा वास येते ते तर धातूलाच खाते, आणि कुठलंही सिलिकॉन एकदा लागलं की पुढे त्या जागी ना रंग धरतो ना दुसरं सीलंट. पीयू सीलंट महाग वाटते पण तेच घ्या. आणि डोंग्यासारखं डांबर तर बिलकुल फासू नका, गळती झाकली जाते, थांबत नाही.

चिरा आणि ठिगळ

चीर दिसली की तिच्या दोन्ही टोकांना ३ मिलिमीटरचं भोक पाडा, नाही तर ठिगळ लावल्यावरही ती आतून पुढे सरकत राहते. ठिगळाचा पत्रा भांड्याचा किंवा छपराचा नको, तो मऊ असतो. ५०५२ ग्रेडचा मागा, रिव्हेटच्या बोटी बहुतेक त्याच जातीच्या असतात. ठिगळाचे कोपरे गोल कापा, चीर सगळ्या बाजूंनी दोन बोटं झाकली जाईल एवढं मोठं घ्या, खाली पूर्ण पीयू सीलंट पसरवा, आणि दोन-अडीच सेंटिमीटरवर एक असे रिव्हेट मारा, कडेपासून रिव्हेटच्या दुप्पट अंतर सोडून. बाहेरून लावायचं, पाण्याचा दाब त्याला आत दाबत राहतो.

वेल्डिंगचं विचारायला तुम्ही जाणारच, म्हणून सांगतो. गावातल्या आर्क मशीनवाल्याकडे नेऊ नका. ॲल्युमिनियम ६६० डिग्रीला वितळते आणि त्याच्या वरचा ऑक्साइडचा थर २००० च्या वर, म्हणजे थर वितळेपर्यंत खालचा पत्रा गळून पडलेला असतो. आर्गन वेल्डिंग लागते, तेही एसी टिग मशीनवर, हिंगणा किंवा बुटीबोरी एमआयडीसीकडे टँकरची कामं करणारे असे कारागीर असतात. मागच्या कोपऱ्याची चीर, तुटलेला कान, जाड ब्रॅकेट यांना वेल्डिंग चांगलं, आणि ५०५२ ला ५३५६ चा रॉड सांगा. पण रिव्हेटच्या ओळीवर वेल्डिंग करू देऊ नका, उष्णतेने शेजारचे रिव्हेट ढिले होतात आणि पत्राही तिथे नरम पडतो. नेण्याआधी फोम, सीलंट, पेट्रोलची टाकी सगळं काढलेलं पायजे.

दुरुस्ती झाली की पुन्हा एकदा पाणी भरून पाहा.

लाकूड आणि तरंगायची सोय

मागच्या फळीला आयएस ७१० चा शिक्का असलेला मरीन प्लाय घ्या, १८ मिलिमीटरचे दोन तुकडे इपॉक्सीने चिकटवून ३६ करा. एक बारकी गोष्ट इथे महत्त्वाची: मरीन प्लायला किडीसाठी औषध लावलेलं असते आणि त्यात तांबं असू शकते, म्हणून तो उघडा ॲल्युमिनियमला टेकवायचा नाही. सगळ्या बाजूंनी, कडांना जास्त, इपॉक्सीचे तीन हात द्या आणि बोल्टची भोकं पाडल्यावर भोकाच्या आतूनही. बोल्ट स्टेनलेसचे, खाली नायलॉनचे वॉशर आणि सीलंट. पितळी स्क्रू कितीही सुंदर दिसला तरी नको. मे महिन्यात इपॉक्सी कालवाल तर मगातच दगड होईल, आपल्याकडच्या ४५ डिग्रीत ती पसरवायलाही वेळ देत नाही, पहाटे करा किंवा थोडी थोडी कालवा.

तळाला फळ्या टाकायच्या तर त्या उचलता येतील अशा टाका. कार्पेट नको.

फोमच्या जागी काय? ८० किलोचा नुसता सांगाडा बुडाला तर त्याला वर ठेवायला ५० लिटरची हवा पुरते, पण वर इंजिन आणि लोंबकळणारी माणसं धरली तर १५० लिटर तरी पायजेच. थर्माकोल टाकलं तर पेट्रोल सांडल्यावर विरघळते. सरळ उपाय म्हणजे २० लिटरचे घट्ट झाकणाचे प्लास्टिक कॅन, सात-आठ, बाकांखाली नायलॉनच्या पट्ट्याने पक्के बांधून. पाणी पीत नाहीत, फुटला तर एकच बदलायचा, आणि धुवायला काढताही येतात. पट्टा मात्र बाकाच्या ॲल्युमिनियमलाच बांधा, फळीला नाही.

रंग

आत रंगवूच नका, ॲल्युमिनियम उघडं राहिलं की चीर आणि भुकटी लगेच दिसते. बाहेरूनही न रंगवता चालते. रंगवायचंच असेल तर फिकट रंग घ्या, गडद रंगाची बोट आपल्या उन्हात हात लावू देत नाही. जुना रंग काढून स्क्रबरने पत्रा खरबडून घ्या, थिनरने पुसा, आणि त्याच दिवशी टू-पॅक (दोन डबे मिसळून वापरायचा) वॉश प्रायमर मारा, मग इपॉक्सी प्रायमर, मग रंग. रेड ऑक्साइड इथे धरत नाही आणि शिशाचा शेंदरी प्रायमर तर नुकसान करतो. ऑक्टोबर ते फेब्रुवारी, सकाळी दव सुकल्यावर, हा हंगाम. घासताना तोंडाला मास्क, आणि शेजारी कोणी लोखंड ग्राइंड करत नाही ना पाहा, ॲल्युमिनियमची बारीक धूळ पेट घेते.

पहिल्यांदा पाण्यात

ड्रेन प्लग, म्हणजे बोटीतलं पाणी काढायच्या भोकाचं बूच, लावला का, हे दोघांनी वेगवेगळं पाहायचं. बोट रिकामी टाका, दोराने काठाला बांधून अर्धा तास राहू द्या आणि आत टॉर्च मारा. मग एक माणूस, मग दोन.

किती माणसं बसतील याचा एक जुना हिशेब आहे, लांबी फुटात गुणिले रुंदी फुटात भागिले १५. १२ बाय ४ ला तीन माणसं येतात. तीन म्हणजे तीन, आणि सामान असेल तर दोन. २०२१ च्या सप्टेंबरात वरुड तालुक्यात झुंजजवळ वर्धा नदीत नाव उलटून ११ जण गेले, एकाच घरातली आणि नात्यातली माणसं. आपल्याकडे "अजून एक बसू दे जी" म्हणायची सवय आहे आणि पाहुण्याला नाही म्हणता येत नाही, पण नावेचा मालक तुम्ही आहात, काठावरच नाही म्हणा. प्रत्येकाला लाईफ जॅकेट, अंगात घातलेलं, बाकाखाली ठेवलेलं नाही.

पहिल्या चार-पाच फेऱ्यांनंतर मार्करच्या खुणा होत्या त्या सगळ्या जागा पुन्हा तपासा, नवीन ठोकलेले एक-दोन रिव्हेट हमखास ढिले पडतात, ते तिथल्या तिथे ठोकून घ्या. वापस आणली की प्लग काढायचा, पुढचं टोक जरा उंच ठेवायचं म्हणजे मागून पाणी निघून जाते, गाळ धुऊन काढायचा आणि पूर्ण सुकली की पालथी करून ओंडक्यांवर ठेवायची.